ट्यूब बेस ॲम्प्लिफायरसाठी स्पीकर कॅबिनेटची निवड

ट्यूब बेस ॲम्प्लिफायरसाठी स्पीकर कॅबिनेटची निवड म्हणजे बेस गिटारचा विद्युत संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढविणाऱ्या यंत्राला योग्य अशा स्पीकर-पेटीची जोड देणे होय. या निवडीत विद्युत संरोध, शक्ती पेलण्याची क्षमता, संवेदनशीलता, पेटीची रचना, स्पीकरचा आकार व संख्या आणि वजन या बाबींचा विचार करावा लागतो. ट्यूब ॲम्प्लिफायरच्या बाबतीत ही निवड केवळ आवडीचा प्रश्न नसते. संरोध चुकीचा असल्यास किंवा कॅबिनेट न जोडता वादन केल्यास ॲम्प्लिफायरमधील सर्वांत महागड्या घटकांपैकी एक असलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तसेच, ट्यूब ॲम्प्लिफायरची शक्ती ठरावीक असल्याने ऐकू येणारा आवाज किती मोठा आणि कसा असेल, हे पुष्कळ अंशी कॅबिनेटवर अवलंबून असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस ही विद्युत बेस गिटार बाजारात आणली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी बासमन हा ॲम्प्लिफायर सादर केला. आरंभीच्या बासमनमध्ये १५ इंची एकच स्पीकर होता. १९५०च्या दशकाच्या मध्यास त्याची जागा १० इंची चार स्पीकरांनी घेतली. मागून उघडी असलेली ही पेटी बेसपेक्षा साध्या विद्युत गिटारच्या वादकांना अधिक भावली. पुढे १९६०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला जेटीएम ४५ हा ॲम्प्लिफायर याच बासमनच्या विद्युत-आराखड्यावर आधारलेला होता.

अमेरिकेतील अँपेग कंपनीने १९६० मध्ये बी-१५ पोर्टाफ्लेक्स सादर केला. जेस ऑलिव्हर यांनी रचलेल्या या संचात १५ इंची एक स्पीकर असे आणि ॲम्प्लिफायर उलटा करून पेटीतच ठेवता येई. त्याची शक्ती आरंभी सुमारे २५ वॅट होती. मोटाउनचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांच्याशी या ॲम्प्लिफायरचे नाव जोडले जाते.

रॉक संगीताचे कार्यक्रम मोठ्या मैदानांत होऊ लागल्यावर अधिक शक्तीची गरज भासली. अँपेगने १९६९ मध्ये ३०० वॅटचा एसव्हीटी हा १४ नलिकांचा ॲम्प्लिफायर आणला. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला. त्याच्यासोबत १० इंची आठ स्पीकर असलेली पूर्णपणे बंद पेटी दिली जात असे. त्या काळच्या स्पीकरांची क्षमता मर्यादित असल्याने एका ॲम्प्लिफायरला अशा दोन पेट्या जोडण्याची पद्धत होती. ‘आठ गुणिले दहा’ ही रचना त्यानंतर मोठ्या ट्यूब बेस ॲम्प्लिफायरची नेहमीची जोडीदार मानली जाऊ लागली.

ट्यूब ॲम्प्लिफायरचे वेगळेपण

जुन्या रेडिओत असत तशाच व्हॉल्व्हांवर हे ॲम्प्लिफायर चालतात. नलिका उच्च दाबावर अल्प प्रवाह हाताळतात, तर स्पीकरला कमी दाबावर मोठा प्रवाह लागतो. हे रूपांतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. त्याच्या दुय्यम वेटोळ्यावर ४, ८ किंवा १६ ओहम अशी निरनिराळी जोडणी-स्थाने दिलेली असतात. कॅबिनेटचा संरोध आणि निवडलेले स्थान यांचा मेळ बसला, तर प्रत्येक स्थानी जवळपास तितकीच पूर्ण शक्ती मिळते.

ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचे वर्तन याहून भिन्न असते. तेथे संरोध कमी केल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत शक्ती वाढते, आणि स्पीकर न जोडता यंत्र चालू राहिले तरी सहसा हानी होत नाही. हे दोन्ही नियम ट्यूब ॲम्प्लिफायरला लागू पडत नाहीत. एका प्रकारचा अनुभव दुसऱ्याला लावल्याने अनेक दुर्घटना घडतात.

दुसरा भेद स्वराचा आहे. ट्यूब ॲम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम-संरोध तुलनेने अधिक असतो. त्यामुळे स्पीकरच्या पडद्याच्या हालचालीवर त्याचे नियंत्रण सैल राहते. स्पीकरचा संरोध सर्व कंप्रतांवर सारखा नसतो. ८ ओहम म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरचा संरोध त्याच्या नैसर्गिक कंप्रतेजवळ ३० ओहमच्याही वर जाऊ शकतो आणि उच्च कंप्रतांकडेही वाढत जातो. ट्यूब ॲम्प्लिफायर जोडला असता नेमक्या याच भागांतील स्वर किंचित उठून येतात. एकच कॅबिनेट दोन प्रकारच्या ॲम्प्लिफायरवर वेगळे का वाजते, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

संरोधाचा मेळ

संरोध, म्हणजेच इम्पीडन्स, ओहममध्ये मोजतात. तो कॅबिनेटच्या मागील पट्टीवर लिहिलेला असतो. एकाहून अधिक कॅबिनेटे सामान्यतः समांतर जोडली जातात. त्यांचा एकूण संरोध पुढीलप्रमाणे येतो:

- ८ ओहमची दोन कॅबिनेटे : ४ ओहम
- १६ ओहमची दोन कॅबिनेटे : ८ ओहम
- ४ ओहमची दोन कॅबिनेटे : २ ओहम
- ८ ओहमचे एक व ४ ओहमचे एक : सुमारे २.७ ओहम

शेवटच्या उदाहरणात ४ ओहमच्या कॅबिनेटला ८ ओहमच्या कॅबिनेटच्या दुप्पट शक्ती मिळते. म्हणून असमान संरोधाची कॅबिनेटे एकत्र जोडणे टाळले जाते. पेटीच्या आतही हेच गणित चालते. आठ स्पीकरांच्या पेटीत प्रत्येकी ३२ ओहमचे आठही स्पीकर समांतर जोडले, तर एकूण संरोध ४ ओहम होतो.

संरोध जोडणी-स्थानापेक्षा कमी असल्यास नलिकांतून अधिक प्रवाह वाहतो आणि त्या लवकर झिजतात. तो बराच अधिक असल्यास ट्रान्सफॉर्मरवर विद्युत दाब वाढतो. कॅबिनेट जोडलेच नसेल किंवा केबल तुटलेली असेल, तर ही स्थिती टोकाला जाते. अशा वेळी निर्माण होणाऱ्या उच्च दाबामुळे नलिकांच्या बैठकीत ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचे विद्युतरोधन फुटते. काही ॲम्प्लिफायर दुपटीची किंवा निमपटीची तफावत सहन करतात. मात्र ही सवलत प्रत्येक यंत्राला असतेच असे नाही, म्हणून निर्मात्याची सूचनापुस्तिका अंतिम मानावी लागते.

शक्ती पेलण्याची क्षमता

ॲम्प्लिफायरवर लिहिलेली शक्ती बहुधा स्वच्छ, अविकृत स्वरासाठी मोजलेली असते. ट्यूब ॲम्प्लिफायर अनेकदा मुद्दाम त्या मर्यादेपलीकडे नेऊन वाजवतात, कारण त्यातून मिळणारा किंचित फाटलेला, भरदार स्वर हेच त्याचे आकर्षण असते. अशा वादनात निघणारी शक्ती लिहिलेल्या आकड्याहून बरीच अधिक असू शकते. त्यामुळे कॅबिनेटची सातत्याने पेलण्याची क्षमता ॲम्प्लिफायरच्या शक्तीइतकी तरी असावी लागते. जोरात वाजवायचे असल्यास ती सुमारे दीडपट ते दुप्पट असणे हितावह ठरते.

क्षमतेचा हा आकडा मुख्यतः उष्णतेची मर्यादा सांगतो. अतिखालच्या स्वरांवर स्पीकरचा पडदा किती पुढेमागे हलू शकतो, ही यांत्रिक मर्यादा वेगळी असते. उष्णतेची मर्यादा गाठण्याआधीच पडदा या दुसऱ्या मर्यादेला पोहोचू शकतो. स्पीकरमधून खडखड ऐकू येणे ही तिची खूण होय.

संवेदनशीलता आणि आवाजाची पातळी

१ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर मिळणाऱ्या आवाजाच्या पातळीला संवेदनशीलता म्हणतात. ती डेसिबलमध्ये देतात. शक्ती दुप्पट केल्यास पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी मात्र सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर ९४ डेसिबल संवेदनशीलतेच्या कॅबिनेटला जोडल्यास गणिताने ११४ डेसिबल मिळतात. तोच ॲम्प्लिफायर १०० डेसिबलच्या कॅबिनेटला जोडल्यास १२० डेसिबल मिळतात. पहिल्या कॅबिनेटमधून तेवढी पातळी काढण्यासाठी ४०० वॅट लागतील. ट्यूब ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक वाढीव वॅटसाठी मोठे ट्रान्सफॉर्मर, अधिक नलिका, वजन आणि खर्च येतो. त्यामुळे आवाज अपुरा वाटत असल्यास आधी कॅबिनेटचा विचार करणे सयुक्तिक ठरते.

तशीच दोन कॅबिनेटे शेजारी ठेवल्यास तितक्याच एकूण शक्तीतही खालच्या कंप्रतांवर सुमारे ३ डेसिबलची भर पडते. त्यासाठी ॲम्प्लिफायरवरील जोडणी-स्थान नव्या एकूण संरोधानुसार बदलावे लागते.

पेटीची रचना

बेस गिटारच्या सर्वांत खालच्या ई तारेची मूळ कंप्रता सुमारे ४१ हर्ट्झ आहे. पाच तारांच्या वाद्यातील बी तार सुमारे ३१ हर्ट्झवर कंप पावते. इतक्या खालच्या स्वरांचे काय होते, हे पेटीची रचना ठरविते.

बंद पेटीत हवा कोंडलेली असते आणि ती पडद्याला स्प्रिंगप्रमाणे आवरते. विशिष्ट कंप्रतेखाली आवाज दर सप्तकामागे सुमारे १२ डेसिबलने, म्हणजे तुलनेने सावकाश, कमी होतो. पोर्ट असलेल्या पेटीत भोकातून येणारी हवा खालच्या स्वरांना साहाय्य करते. मात्र पोर्टच्या कंप्रतेखाली आवाज सप्तकामागे सुमारे २४ डेसिबलने घसरतो आणि तेथे पडद्यावरचा हवेचा आवर जवळजवळ नाहीसा होतो. पोर्टच्या पेट्यांचे गणित ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले. रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते पुढे नेले. स्पीकरच्या माहितीपत्रकात येणारी ‘थील-स्मॉल मूल्ये’ ती हीच.

ट्यूब ॲम्प्लिफायरचे नियंत्रण सैल असल्याने पोर्टच्या पेटीतून काही वेळा खालचे स्वर पसरट व घुमणारे वाटतात. अनेक वादक याच कारणाने बंद पेटी पसंत करतात. तथापि हा नियम नव्हे. बी-१५ची पेटी पोर्टचीच होती आणि तिचा स्वर आजही आदर्श मानला जातो. पेटी आणि स्पीकर एकमेकांसाठी रचलेले असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

अँपेगच्या आठ स्पीकरांच्या प्रचलित बंद पेटीचा आवाज ५८ हर्ट्झवरच ३ डेसिबलने उतरलेला असतो, तरीही तिची ख्याती भरदार स्वरासाठी आहे. याचे कारण असे की, बेसच्या स्वरात मूळ कंप्रतेसोबत तिच्या दुप्पट, तिप्पट कंप्रताही असतात. खालची ई तार ओळखण्यासाठी ८२ हर्ट्झचा दुसरा घटक कानाला पुष्कळ मदत करतो. म्हणून माहितीपत्रकातील सर्वांत खालचा आकडा हाच गुणवत्तेचा निकष मानणे दिशाभूल करणारे ठरते.

लहान आकार, खोल खालचे स्वर आणि उच्च संवेदनशीलता हे तिन्ही गुण एका पेटीत एकत्र मिळत नाहीत. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम निवड करताना उपयोगी पडतो. तिन्हींचा दावा करणाऱ्या जाहिरातीकडे त्यामुळे सावधपणे पाहावे लागते.

स्पीकरचा आकार व संख्या

१० इंची स्पीकरच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस सेंटिमीटर, १२ इंचीचे सुमारे ५३० आणि १५ इंचीचे सुमारे ८५० असते. म्हणजेच १० इंची आठ स्पीकर मिळून १५ इंची तिघांहूनही अधिक हवा ढकलतात. ‘स्पीकर मोठा तितका स्वर खोल’ ही समजूत त्यामुळे अपुरी आहे. लहान स्पीकरांतून मधले स्वर बहुधा अधिक स्पष्ट आणि अधिक रुंद पसरतात.

मांडणीचाही परिणाम होतो. स्पीकर एकावर एक उभे रचल्यास आवाज सभागृहात आडवा सारखा पसरतो आणि वादकाच्या कानापर्यंतही पोहोचतो. कोपऱ्यात ठेवलेल्या कॅबिनेटचे खालचे स्वर वाढतात, मात्र ते गढूळही होऊ शकतात. काही कॅबिनेटांत उच्च स्वरांसाठी ट्वीटर असतो. ट्यूबच्या विकृतीतून निर्माण होणारे वरचे घटक त्यातून कर्कश वाटतात. त्यामुळे ट्वीटरची पातळी कमी करण्याची सोय असलेली पेटी उपयुक्त ठरते.

वजनाचा विचारही व्यवहारात टाळता येत नाही. एसव्हीटीचा ॲम्प्लिफायरच सुमारे ३८ किलोचा असून त्याच्या आठ स्पीकरांच्या पेटीचे वजन ६० किलोहून अधिक भरते. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर वापरलेली कॅबिनेटे बरीच हलकी असतात. चार स्पीकरांची दोन कॅबिनेटे घेतल्यास लहान जागी एकच नेता येते.

जोडणी व सुरक्षितता

कॅबिनेटसाठी जाड तारेची स्पीकर केबलच वापरतात. गिटारची आवरणयुक्त केबल बाहेरून तशीच दिसते, परंतु तिची आतली तार बारीक असते. ती तापून तुटल्यास ॲम्प्लिफायर कॅबिनेटविना चालू राहतो. आधी कॅबिनेट जोडून मगच वीज चालू करावी आणि वादन सुरू असताना केबल काढू नये, हा सर्वमान्य नियम आहे. अमेरिकेतून आणलेले यंत्र भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारे आहे का, हेही तपासावे लागते. यंत्रात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत तो काही काळ टिकतो. म्हणून यंत्र उघडण्याचे काम जाणकाराकडेच सोपविले जाते.

श्रवणाची हानी हाही एक धोका आहे. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. पुढील प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा पुढील क्रम सोयीचा ठरतो:

- ॲम्प्लिफायरवरील जोडणी-स्थाने पाहून कॅबिनेटचा संरोध निश्चित करणे
- वादनाच्या पद्धतीनुसार शक्ती पेलण्याची क्षमता ठरविणे
- ॲम्प्लिफायरची शक्ती आणि जागेचा आकार पाहून संवेदनशीलता व स्पीकरांची संख्या निवडणे
- तारांची संख्या व अपेक्षित स्वर यांनुसार बंद किंवा पोर्टची पेटी घेणे
- वजन व वाहतुकीचा विचार करणे
- शक्य असल्यास स्वतःचे वाद्य व ॲम्प्लिफायर जोडून, नेहमीच्या पातळीवर ऐकून निर्णय घेणे

यांतील पहिल्या दोन पायऱ्यांत आवडीनिवडीला वाव नसतो, कारण त्यांवर यंत्राची सुरक्षितता अवलंबून असते. उर्वरित पायऱ्यांत वादकाची संगीतशैली, वादनाची जागा आणि कान यांचा कौल महत्त्वाचा ठरतो.