सदाशिवगड : काळीच्या मुखावरचा पहारा

आमच्या जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारला समुद्राला मिळते. मी तिच्या उगमाकडचा माणूस. मुखावरच्या सदाशिवगडाकडे मात्र नोकरीत असेपर्यंत मी नीट पाहिलंच नव्हतं. कारवारहून गोव्याला जाताना बस महामार्गाच्या कटिंगमधून जायची आणि मी खिडकीतून दोन्ही बाजूंच्या उतारांचा कोन बघत बसायचो. ही कटिंग गडाच्याच डोंगरातून काढली आहे, हे पन्नाशीत इतिहासाचा नाद लागल्यावर कळलं.

बरेच जण हा गड शिवाजी महाराजांनी बांधला असं सांगतात. मीही एकेकाळी तसंच सांगायचो. महाराजांची स्वारी १६६५ मध्ये कारवारला आली होती आणि पुढे हा मुलूख काही काळ स्वराज्यातही होता, हे खरं. पण गड उभा राहिला तो त्यानंतर, १७१५ च्या सुमारास. सोंद्याचा राजा बसवलिंग याने तो बांधला आणि त्याला आपल्या वडिलांचं, सदाशिव यांचं नाव दिलं. गडाखालच्या गावाचं जुनं नाव चित्ताकुल.

सोंदे पडलं घाटावर, शिरसीजवळ. मग त्यांना खाली समुद्रावर गड कशाला हवा होता? उत्तर मिऱ्यांत आहे. घाटातली मिरी कारवार बंदरातून परदेशी जायची. त्यासाठीच इंग्रजांनी सतराव्या शतकात तिथे वखार घातली होती. बंदराचं दार ज्याच्या नजरेत, व्यापार त्याच्या हातात.

ही नजर किती लांब पोचत असेल, याचा मी हिशोब केला. डोंगराची उंची सुमारे २२० फूट, म्हणजे ६७ मीटर. एवढ्या उंचीवरून स्वच्छ हवेत क्षितिज सुमारे २९ किलोमीटरवर दिसतं. येणाऱ्या गलबताची डोलकाठी २० मीटर उंच धरली, तर तिचं टोक आणखी १६ किलोमीटर अलीकडूनच, म्हणजे ४५ किलोमीटरवरून दिसू लागणार. ताशी १० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गलबताला मुखाशी पोचायला साडेचार तास. प्रत्यक्षात धुकं, उन्हाची तिरीप, पहारेकऱ्याची डुलकी हे सगळं वजा करायचं. निम्मा वेळ धरला तरी तोफा भरायला आणि होड्या आत घ्यायला पुरेसा. पावसाळ्यात गलबतंच बंद, त्यामुळे पहाराही सैल.

हे गणित इतरांनाही येत होतं. १७५२ मध्ये पोर्तुगिजांनी गड घेतला आणि दोनेक वर्षं राखला. १७६३ मध्ये हैदर अलीने सोंदे जिंकलं, तेव्हा गडही त्याच्याकडे गेला आणि सोंद्याचा राजा गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयाला गेला. टिपूच्या पाडावानंतर, १७९९ मध्ये इथे इंग्रज आले. १८६० च्या दशकात समोरच्या देवगड बेटावर दीपगृह उभं राहिलं. पूर्वी गडावरचा माणूस जहाज शोधायचा. आता जहाजावरचा माणूस दिवा शोधू लागला. पहाऱ्याचं काम उलटं झालं आणि गड मागे पडला.

पुढचं काम आमच्या जमातीने केलं. पुलासाठी, रस्त्यासाठी डोंगर चिरला. रस्ता हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या सुपा धरणाची वीजही मी वापरतोच. पण त्या धरणात बुडालेल्या सुपा गावाचं आज बहुतेक नावच उरलंय, आणि तालुकाही आता जोयडा म्हणूनच ओळखला जातो. त्यामुळे काम सुरू करण्याआधी मोजमाप न घेणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर काळीवरचा जुना पूल कोसळला. तो ४१ वर्षांचा होता. आता तिथे पुन्हा यंत्रं येणार. म्हणून आपल्या मंडळाला माझी एकच विनंती आहे : येत्या हिवाळ्यात टेप, लेव्हल आणि कॅमेरा घेऊन दोन दिवस गडावर जाऊ. उरलेली तटबंदी, खंदक, बुरुजांचे पाये, सगळं नकाशावर उतरवू. गड वाचवणं आपल्या हातात असेल-नसेल, पण तो कुठून कुठपर्यंत होता हे लिहून ठेवणं नक्कीच आहे.