ठाकुंगचा पहारा

डिसेंबर २०१२. लडाखमध्ये पँगाँग त्सोच्या काठी, ठाकुंगजवळ तुम्ही पहाऱ्यावर उभे आहात. उंची सुमारे १४,००० फूट. दम पुरत नाही, तोंडावरचा मफलर श्वासाच्या वाफेने गोठून कडक झालाय. दिवस मावळला आणि पूर्वेच्या डोंगरांवर, म्हणजे चीनलगतच्या प्रत्यक्ष ताबा रेषेपलीकडे, एक पिवळसर दिवा वर आला. लुकलुकत नाही. नजर खिळवून ठेवलीत तर सरकतो, आणि सरकतो तो आपल्याच बाजूला.

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलात. शेजारच्या जवानाला ते ठाऊक नाही. तो वही उघडून वेळ लिहितो. हसू नका. पलीकडून ड्रोन फिरतात हे त्याला माहीत आहे. रडारला काही सापडत नाही, असं नोव्हेंबरात छापूनही आलं. त्याने संशय वाढलाच.

आता दिव्याच्या आजूबाजूला बघा. वर कृत्तिकांचा पुंजका, खाली तांबूस रोहिणी. तिघं रात्रभर बरोबरीने चढतात, माथ्यावरून पहाटे पश्चिमेला कलतात. कुठला ड्रोन रोहिणीचा पदर धरून असा रात्रभर चालेल? उद्या तो चारेक मिनिटं आधी उगवेल. काही आठवड्यांनी रोहिणीपासूनचं त्याचं अंतर बदललेलं दिसेल. ताऱ्यांमधून अशी स्वतःची वाट चालतो तो ग्रह. हा गुरू. ३ डिसेंबरला त्याची प्रतियुती आहे, म्हणून सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर दिसतो.

पहाटे त्याच पूर्वेकडून दुसरा दिवा येतो, आणखी लख्ख. शुक्राची चांदणी! गावाकडे धुरकट क्षितिजावर ती एवढी भेदक वाटत नाही. इथली हवा विरळ, कोरडी, धुळीवाचून स्वच्छ. याच हवेसाठी तर शास्त्रज्ञांनी लडाखमध्येच हानले इथे, ४,५०० मीटर उंचीवर दुर्बीण बसवली आहे.

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १५५ वेळा ‘वस्तू’ने ताबा रेषा ओलांडल्याचं लिहिलं गेलं. प्रश्न बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेला आणि जुलै २०१३ मध्ये उत्तर छापून आलं: गुरू आणि शुक्र. मथळे देणाऱ्यांची चंगळ झाली.

मला त्या जवानाची बाजू घ्यावीशी वाटते. ग्रहाला ड्रोन समजला तर वहीचं एक पान खर्ची पडतं, उलट झालं तर काय, हे पहाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि त्या सीमेवरची भीती काही हवेतली नव्हती. ते उत्तर छापून येण्याआधीच, एप्रिल २०१३ मध्ये, चिनी तुकडीने देपसांगला तंबू ठोकले होते. ते हलायला तीन आठवडे लागले.