गुडघ्यात शिरलेली दुर्बीण

जमिनीवर बसणाऱ्या समाजात गुडघा आखडला की माणूस चारचौघांतून उठतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानमध्ये जेवण, पाहुणचार, प्रार्थना, सगळे गुडघे पूर्ण दुमडून आणि टाचांवर भार देऊन बसूनच होत असे. गुडघ्याचा क्षय तिथे तेव्हा पुष्कळ होता. तो बरा झाला तरी मागे ताठ, न वाकणारा सांधा ठेवून जाई. ज्या घरांत अजून मांडी घालून पंगत बसते त्यांना यातले दुःख वेगळे समजावून सांगायला नको. तोक्यो विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद केंजी ताकागी यांना हाच प्रश्न छळत होता. क्षयाने सांधा पोखरून टाकण्याआधीच आत काय चालले आहे, हे कळावे कसे? १९१८ साली त्यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली.

आज गावोगावच्या अस्थिरोग रुग्णालयांच्या पाट्यांवर दिसणाऱ्या ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिये’चे एक मूळ तिथे आहे. एकमेव मात्र नव्हे. डेन्मार्कच्या सेवेरीन नॉर्डेनटॉफ्ट यांनी १९१२ मध्ये बर्लिनच्या शल्यविशारदांच्या परिषदेत अशी कल्पना मांडली होती, पण तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन बिर्खर यांनी पोट तपासायची दुर्बीण गुडघ्यात वापरून १९२१ मध्ये आपले निष्कर्ष छापले आणि पुढे काही वर्षांनी तो नाद सोडला. ताकागींनी सोडला नाही. त्यांची सुरुवातीची दुर्बीण ७.३ मिलिमीटर जाड होती, म्हणजे गुडघ्यासाठी अवजडच. १९३१ पर्यंत त्यांनी ती ३.५ मिलिमीटरवर आणली. सांध्यात खारे पाणी भरून तो फुगवला की आत पाहायला जागा होते, ही आजही चालणारी युक्ती त्यांच्या कामात आहे.

क्षयाखेरीज दुर्बीण आणखी कशासाठी हवी होती हे समजायला गुडघ्यातल्या गाद्यांकडे वळावे लागेल. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्या भार वाटून घेतात आणि सांधा स्थिर ठेवतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर गर्रकन वळले की त्या फाटतात. कबड्डी, फुटबॉल, खो-खो खेळणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. फाटलेला तुकडा मध्ये अडकला तर गुडघा सरळच होत नाही. १८८३ मध्ये एडिंबरोच्या थॉमस अॅनन्डेल यांनी एका खाणकामगाराची सुटलेली गादी टाक्यांनी पुन्हा जागेवर बसवली होती. पण १८९७ मध्ये जॉन ब्लँड-सटन यांनी या गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूंचे निकामी अवशेष आहेत असे लिहिले, आणि पुढची काही दशके तोच समज टिकला. निकामी वस्तू जपायची कशाला? गुडघा उघडायचा आणि गादी समूळ काढून टाकायची, हाच रिवाज पडला. लिव्हरपूलच्या मॅकमरे यांची चाचणी डॉक्टर आजही करतात. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा पूर्ण वाकवायचा, पाऊल फिरवायचे आणि पाय हळूहळू सरळ करताना ‘कट्’ होते का ते पाहायचे. निदानाची इतकी सुंदर रीत देणारे हे गृहस्थ उपचारात मात्र संपूर्ण गादी काढण्याच्याच बाजूचे होते.

१९४८ मध्ये इंग्लंडच्या फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले. हाडाची कड वाढलेली, मांडीच्या हाडाचा गोलवा चपटा झालेला, सांध्यातली फट अरुंद झालेली. गादी गेली की सांधा झिजू लागतो, हे चित्र समोर आले. माझ्या मते गुडघ्याच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. तरीही रिवाज लगेच बदलला नाही, कारण मोठा छेद घेऊन आत गेल्यावर नेमका फाटलेला तेवढाच भाग काढणे अवघड होते.

ते शक्य केले ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशात त्यांनी गुरूचे काम उचलले. १९५७ मध्ये गुडघ्याच्या आतल्या दृश्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला आणि पाठोपाठ क्रमांक २१ ची दुर्बीण तयार केली. तिच्या टोकाला इवलासा बल्ब होता आणि तो कधीकधी सांध्यातच फुटे. तरीही जगाने वापरली ती हीच. ४ मे १९६२ रोजी बास्केटबॉल खेळताना गुडघा मुरगळलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाची फाटलेली गादी त्यांनी दुर्बिणीतून, केवळ बिघडलेल्या भागापुरती कापली. सहा आठवड्यांत तो पुन्हा खेळू लागला.

१९६४ मध्ये तोक्यो ऑलिम्पिकच्या वेळी टोरांटोचे डॉ. रॉबर्ट जॅक्सन तिथे होते. त्यांनी वातानाबेंना शोधून काढले आणि त्यांच्याकडे शिकले. बदल्यात त्यांना इंग्रजी शिकवले. या देवघेवीतून ही विद्या उत्तर अमेरिकेत गेली. पुढे प्रकाशतंतू आले, मग कॅमेरा आणि पडदा आला. १९८४ मध्ये अमेरिकेची जोन बेनॉइट हिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर १७ दिवसांनी तिने ऑलिम्पिक निवडीची मॅरेथॉन जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉनही जिंकली. या तंत्राची याहून मोठी जाहिरात कोणी करू शकले नसते.

मात्र जे साधन नेमके पाहण्यासाठी जन्मले, ते सरसकट वापरले जाऊ लागले. वयोमानाने झिजलेला गुडघा दुखतो म्हणून आत पाणी मारून धुवायचा, खरवडायचा, गादीच्या कडा तासायच्या, अशा शस्त्रक्रिया जगभर लाखोंनी झाल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी झीज झालेल्या १८० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाला फक्त त्वचेवर छेद दिले होते, आत काहीच केले नव्हते. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात खऱ्या शस्त्रक्रियेचे गट या गटापेक्षा सरस ठरले नाहीत. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये गादी झिजून फाटलेल्या १४६ जणांवर तसाच प्रयोग झाला आणि वर्षभरानंतर तसेच उत्तर आले. एमआरआयही इथे फसवतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पन्नाशीपुढच्या ज्या लोकांच्या गाद्या फाटलेल्या आढळल्या, त्यांतल्या ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या शिफारशीने झिजेच्या जवळजवळ सर्व रुग्णांना दुर्बीण नको असे ठामपणे सांगितले.

यावरून दुर्बीण टाकाऊ ठरते असे कोणी समजू नये. अडकून बसलेला गुडघा, सांध्याच्या आतला तुटलेला फुलीसारखा अस्थिबंध पुन्हा बांधणे, तरुण खेळाडूची ताजी फाटलेली गादी शिवणे, इथे तिला तोड नाही. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली फाट शिवली तर जुळते. आतली सहसा जुळत नाही. झिजेच्या गुडघ्याला मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंचा नेमाने व्यायाम, वजन कमी करणे आणि गरजेपुरते वेदनाशामक औषध, याच वाटेने आधी जायला हवे. सांधा अगदीच खचला तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे.

तुम्हाला किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना दुर्बिणीची शिफारस झाली, तर तारीख घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. गुडघा अडकतो आहे की फक्त दुखतो आहे? ही फाट मारामुळे झाली की झिजेमुळे? आणि तीन महिने व्यायाम करून पाहिला तर नुकसान काय होईल?