आखेनचे दैनिक : अभ्यासाला आरंभ करण्यापूर्वी

जर्मन वृत्तपत्र म्हटले की म्युनिक किंवा फ्रांकफुर्टची बडी नावे आठवतात. सर्वसाधारण जर्मन घरात मात्र सकाळी उघडले जाते ते बहुधा आपल्या भागाचे दैनिक. या दैनिकांच्या इतिहासात शिरू पाहणाऱ्या वाचकांनी बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला खेटून असलेल्या आखेनपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

२१ ऑक्टोबर १९४४ रोजी आखेन अमेरिकी सैन्याच्या हाती पडले. युद्ध चालूच होते, तरी २४ जानेवारी १९४५ रोजी तिथे ‘आखेनर नाखरिश्टन’ निघाले : नाझींच्या पकडीतून सुटलेले पहिले जर्मन वृत्तपत्र. आरंभी ते साप्ताहिक होते, शिवाय लष्कराच्या देखरेखीखाली. तेव्हा ‘स्वतंत्र’ हे विशेषण जपूनच वापरलेले बरे. त्या दिवसांत अमेरिकनांबरोबर काम करणे जिवावरचे होते. त्यांनी नेमलेले महापौर फ्रान्त्स ओपेनहोफ यांना मार्चमध्ये नाझी पथकाने राहत्या घराशीच ठार केले. पुढे २७ जूनला छपाईच्या व्यवसायातले सोशल डेमोक्रॅट हाइनरिश होलांड्स यांना या पत्राचा परवाना मिळाला.

परवाना ही या विषयाची किल्ली आहे. नाझी राजवटीत पत्रे चालवणाऱ्या मालकांना तो सहसा नाकारला जाई. युद्धानंतर दोस्तांनी वाटून घेतलेल्या जर्मनीच्या अमेरिकी विभागात भिन्न मतांच्या माणसांना मिळून एक परवाना देण्याकडे कल होता. ब्रिटिश विभागात पक्षांच्या जवळची वेगवेगळी पत्रे निघाली. आखेन ब्रिटिशांकडे गेले आणि १९४६ मध्ये तिथे ख्रिश्चन डेमोक्रॅटांकडे झुकणारे ‘आखेनर फोल्क्सत्साइटुंग’ सुरू झाले. १९४९ मध्ये परवान्याची अट उठली, जुने मालक परतले आणि पत्रांची गर्दी झाली. स्वतःची राजकीय पाने स्वतः तयार करणारी दैनिके वृत्तपत्र-संशोधक वाल्टर शुट्स यांनी १९५४ मध्ये मोजली, ती २२५ भरली. पुढच्या दोन दशकांत ती जवळपास निम्म्यावर आली. आखेनची दोन्ही पत्रेही एकाच प्रकाशनगृहात आली. एका वाड्यात दोन चुली!

जुना अंक हाती आला की पहिल्या पानावर रेंगाळू नका. आतली स्थानिक पाने उघडा : कार्निवल, आलेमानिया संघाचे फुटबॉल सामने, काळ्या चौकटीतल्या मृत्यूच्या जाहिराती. जर्मन कच्चे असले तरी गावांची नावे, तारखा आणि किमती बरेच काही सांगतात. मग सवडीने १९३३ पूर्वीच्या अंकांकडे वळा आणि कोणती नावे १९४९ नंतर परतली, कोणती परतलीच नाहीत, ते ताडून पाहा.