टीके-इंटर
टीके-इंटर : पायथन भाषेतून खिडक्या, बटणे, मेन्यू इत्यादी दृश्य घटक तयार करण्याची प्रमाण लायब्ररी. तिच्या पोटात टिकल या दुसऱ्या स्क्रिप्टिंग भाषेचा संपूर्ण इंटरप्रिटर चालतो. दृश्य घटकासाठी पायथनमध्ये दिलेली सूचना टिकलची आज्ञा होऊन तिथे अमलात येते.

पूर्वपीठिका : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये टिकलची निर्मिती केली. चिप-रचनेच्या प्रत्येक साधनासाठी वेगळी आज्ञाभाषा लिहावी लागे. त्याऐवजी सी भाषेतील कोणत्याही प्रोग्रॅममध्ये बसवता येईल अशी एकच भाषा असावी, हा त्यांचा हेतू होता. ‘टीके’ हा दृश्य घटकांचा संच त्यांनी टिकलवरच उभारला. पुढे स्टीन लुमहोल्ट आणि पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी तो पायथनला जोडला. फ्रेडरिक लुंध यांनी त्यात सुधारणा केल्या. टिकल-टीकेसाठी औस्टरहाउट यांना १९९७ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

कार्यपद्धती : मुख्य खिडकीची वस्तू तयार होताच सी भाषेत लिहिलेला दुवा टिकलचा इंटरप्रिटर सुरू करतो. पायथनमध्ये बटण निर्माण केले की त्याचे नाव, मजकूर व रंग यांची टिकल-आज्ञा बनते आणि या इंटरप्रिटरकडे जाते. उलट दिशेची वाटही आहे. पायथनचे फंक्शन टिकलमध्ये नव्या आज्ञेच्या रूपाने नोंदवले जाते. बटण दाबल्यावर टिकल ती आज्ञा चालवते आणि दुवा मूळ फंक्शनला हाक मारतो. ‘इव्हॅल’ ही मेथड वापरून टिकलचा कोड थेटही चालवता येतो. खिडकी नको असल्यास नुसता टिकल इंटरप्रिटरही मिळतो.

मर्यादा : टिकलमध्ये प्रत्येक मूल्य मजकुराच्या रूपात मांडता येते. त्यामुळे परत आलेली संख्या कधी मजकूर म्हणून हाती पडते आणि तिचे रूपांतर करावे लागते. टिकलकडील चूक पायथनमध्ये ‘टिकल-एरर’ म्हणून उमटते, पण तिचा मजकूर टिकलच्या परिभाषेत असतो. इंटरप्रिटर ज्या थ्रेडमध्ये जन्मतो त्याच्याशीच बांधलेला असतो. इतर थ्रेडमधून आलेल्या सूचना रांगेत थांबतात. एखादे फंक्शन बराच वेळ चालले, तर घटना हाताळणारे चक्र अडते आणि खिडकी गोठते. म्हणून लांबलचक काम वेगळ्या थ्रेडमध्ये करून फक्त निकाल मुख्य थ्रेडकडे द्यावा.

प्रसार : पायथनसोबत येणारा आयडल हा संपादक टीके-इंटरवरच लिहिलेला आहे. रुबीची टीके लायब्ररी आणि आर भाषेतील टिकल-टीके पॅकेज हीदेखील टिकल इंटरप्रिटर आत बसवूनच चालतात. टीके-इंटरचे पायथनमधील दस्तऐवज संक्षिप्त आहेत. घटकांच्या सर्व पर्यायांचा सविस्तर तपशील टीकेच्या मूळ संदर्भपुस्तिकेत मिळतो. त्यामुळे टीके-इंटर नीट वापरू इच्छिणाऱ्याने टिकलची वाक्यरचना वाचण्यापुरती तरी शिकून घ्यावी.