एक पोलादी पिन आणि तिचा बंदोबस्त

डॉज कंपनीच्या रॅम ट्रकांवर १९८९ पासून बसवले गेलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन अमेरिकेत दणकटपणाचा नमुना मानले जाते. मोठी दुरुस्ती न करता पाच लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली इंजिने तिथे नवलाची नाहीत. या इंजिनात एक दोष मात्र अगदी पहिल्यापासून होता. टायमिंग गिअरच्या हाउसिंगमधली बोटाच्या पेराएवढी पोलादी डॉवेल पिन कालांतराने सैल होऊन बाहेर येऊ शकत असे, आणि गिअरांत सापडली तर धडधाकट इंजिन निकामी करत असे. ही पिन पडण्याआधीच तिचा बंदोबस्त करण्याची रीत मालकांनी आणि मिस्त्रींनी मिळून घडवली.

या इंजिनाचा जन्म ट्रकसाठी झालेला नव्हता. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स यांनी स्थापलेली कमिन्स कंपनी पुढे अवजड मालट्रकांच्या इंजिनांसाठी नावारूपाला आली. मध्यम आकाराच्या इंजिनासाठी तिने ट्रॅक्टर आणि बांधकामाची यंत्रे बनवणाऱ्या जे. आय. केस या कंपनीशी भागीदारी केली. १९८० मध्ये कन्सॉलिडेटेड डिझेल कंपनी स्थापन झाली, नॉर्थ कॅरोलिनात रॉकी माउंटजवळ कारखाना उभा राहिला आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथून ‘बी’ मालिकेची इंजिने बाहेर पडू लागली. चार सिलिंडरचे ३.९ लिटरचे आणि सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे अशी या मालिकेतली दोन मुख्य इंजिने होती. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर १०२ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. दिवसभर पूर्ण भाराखाली राबणाऱ्या शेतयंत्राच्या हिशेबाने सगळी आखणी केलेली होती.

त्या काळी अमेरिकेतला सामान्य ग्राहक डिझेलवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. जनरल मोटर्सने १९७८ पासून ओल्डस्मोबिल गाड्यांत दिलेले ५.७ लिटरचे डिझेल इंजिन हेडचे बोल्ट आणि गॅस्केट यांच्या तक्रारींनी बदनाम झाले होते. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या पिकअप ट्रकांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नवी डिझेल इंजिने मिळाली. डॉजकडे मात्र तसे काही नव्हते. १९८९ च्या मॉडेलपासून डॉजने कमिन्सचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन घेतले. १६० अश्वशक्ती आणि ४०० फूट-पाउंड टॉर्क देणारे हे इंजिन सुमारे ५०० किलो वजनाचे, म्हणजे पिकअपच्या मानाने फारच जड होते. तरी शेतकरी, गुरांचे ट्रेलर ओढणारे आणि बांधकामाचे ठेकेदार यांनी ते उचलून धरले. १९९४ मध्ये ट्रकचे रूप बदलले आणि इंजिनावर बॉशचा पी ७१०० हा नवा इनलाइन डिझेल पंप आला. दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण बारा व्हॉल्व्ह असलेले हे इंजिन १९९८ च्या मध्यापर्यंत या ट्रकांवर येत राहिले.

टायमिंगसाठी या इंजिनात पट्टा किंवा साखळी नाही. क्रँकचा गिअर कॅमच्या मोठ्या गिअरला फिरवतो आणि कॅमचा गिअर डिझेल पंपाच्या गिअरला. इंजिनाच्या तोंडाशी बसवलेले ॲल्युमिनियमचे हाउसिंग या गिअरांभोवती असते, आणि डिझेल पंपही त्याच हाउसिंगवर बसतो. गिअरांचे दात नेमक्या अंतरावर जुळायचे तर हाउसिंग ब्लॉकवर अचूक जागी बसायला हवे. त्यासाठी जुळणीच्या वेळी डॉवेल पिना वापरतात. पिन ब्लॉकच्या भोकात दाबून बसवायची, तिच्यावर हाउसिंग चढवायचे आणि मग बोल्ट आवळायचे.

यातल्या एका पिनेपुढे तिला अडवणारे काहीच नव्हते. भोकातल्या घट्ट बसणीवर तिची सगळी भिस्त होती. हाउसिंग ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. इंजिन हजारो वेळा तापते आणि निवते, त्यात सहा सिलिंडरच्या डिझेलची सततची थरथर. अशा इंजिनात पिनेची पकड हळूहळू ढिली होते आणि ती केसाकेसाने पुढे सरकते. अल्पायुषी इंजिनात हा दोष कदाचित कधी दिसलाही नसता. इथे बाकीचे सगळे भाग इतके टिकत, की पिनेला बाहेर यायला पुरेसा अवधी मिळे.

पिन सुटल्यावर पुढचे सगळे दैवावर असे. काही वेळा ती गिअरांना चुकवून खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाऊन पडे आणि मालकाला पत्ताही लागत नसे. काही वेळा फिरता गिअर तिला हाउसिंगच्या भिंतीवर दाबे, ॲल्युमिनियम फुटे आणि तेल गळू लागे. सर्वांत वाईट म्हणजे ती दातांमध्येच अडके. मग गिअरचे दात तुटत, कॅम जागच्या जागी थांबे आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळत. यातले काही होण्याआधी इंजिनाचा आवाज बदलत नाही, धूर वाढत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. पिन सरकली आहे की नाही हे कव्हर उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच लक्षण दिसल्यावर दुरुस्ती करण्याचा नेहमीचा शिरस्ता इथे उपयोगाचा नव्हता.

१९९० च्या दशकात ट्रकांवर मैल चढत गेले तसे असे प्रसंग मालकांच्या मंडळांत चर्चेला येऊ लागले. या ट्रकांच्या मालकांसाठी निघणारे ‘टर्बो डिझेल रजिस्टर’ हे त्रैमासिक अशा माहितीच्या देवाणघेवाणीचे एक ठिकाण होते. पिनेला ‘किलर डॉवेल पिन’ हे नाव पडले आणि तेच रूढ झाले. काहींनी कव्हर उघडून पाहिले, तेव्हा बऱ्याच इंजिनांत पिन जागेवरच होती. काहींत ती थोडी पुढे आलेली होती, तर काहींत नुसते भोक उरले होते. आपली पिन यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे बाहेरून ठरवता येत नसल्याने प्रत्येक ट्रकचे कव्हर एकदा उघडावे, असे मत बनत गेले.

दुरुस्ती तशी साधी आहे. पंखा आणि बेल्ट काढायचे, क्रँकच्या टोकावरची डॅम्परची पुली उतरवायची आणि पुढचे टायमिंग कव्हर सोडवायचे. मग गिअर आणि त्यांच्यालगतचे पिनेचे टोक दिसते. पिन पुढे आली असेल तर ती ठोकून परत जागेवर बसवतात. नंतर दोन वाटा आहेत. पहिली वाट पंच आणि हातोड्याची: भोकाच्या काठावरचे ॲल्युमिनियम दोन-तीन जागी आत दाबून पिनेची वाट अरुंद करायची. दुसरी वाट पट्टीची: शेजारच्या बोल्टखाली पोलादाची लहानशी पट्टी अशी बसवायची, की तिचे टोक भोकावर येईल. सुरुवातीला मिस्त्री पत्र्याच्या तुकड्यातून ही पट्टी स्वतःच कापत. पुढे पट्टी, गॅस्केट आणि सील एकत्र घातलेले संच बाजारात आले. पट्टीचा बोल्ट आटे धरून ठेवणारा द्रव लावून आवळतात, कारण तोच सुटला तर एका पिनेऐवजी पट्टी आणि बोल्ट असे दोन तुकडे गिअरांत जायचे. हाउसिंगचे बाकीचे बोल्टही याच वेळी तपासतात, कारण तेही ढिले झालेले आढळतात. काही बोल्ट गिअरांच्या आड येतात. त्यांच्यापर्यंत पोचायला इंजिन हाताने थोडे थोडे फिरवावे लागते.

कव्हर परत चढवताना अनुभवी माणूसही फसतो तो क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलपाशी. सीलच्या ओठाला तेल किंवा ग्रीस लावून मगच ते बसवावे, ही गॅरेजमधली जुनी सवय. या इंजिनाच्या सीलला मात्र उलटा नियम आहे: सीलचा ओठ आणि क्रँकचा पृष्ठभाग दोन्ही पुसून अगदी कोरडे हवेत. तेलाचा अंश राहिला तर सील गळते आणि सगळे पुन्हा उघडावे लागते.

हे काम एका दिवसात उरकते आणि सुट्या भागांचा खर्च इंजिनाच्या किमतीपुढे नगण्य असतो. तरीही निव्वळ पिनेसाठी ट्रक उभा करणे अनेकांना परवडत नसे. म्हणून पुढचे सील गळू लागले किंवा गिअर हाउसिंगशी संबंधित दुसरे काम निघाले, की त्याच वेळी पट्टी बसवून घेण्याची पद्धत पडली. जुन्या ट्रकांच्या खरेदी-विक्रीतही या कामाला मोल आले. पिनेचे काम झालेले आहे, असे विकणारा आवर्जून सांगू लागला आणि घेणारा त्याची पावती मागू लागला.

१९९८ च्या मध्यात २४ व्हॉल्व्हचे इंजिन आले, तरी पुढच्या भागाची मांडणी बरीचशी तीच राहिली. त्यामुळे २००२ पर्यंतच्या या इंजिनांतही पिन तपासून घेण्याचा सल्ला दिला जातो. शिवाय या नव्या इंजिनाने आणखी दोन दोष आणले. बॉशच्या व्हीपी ४४ पंपाला वंगण आणि थंडावा दोन्ही डिझेलमधूनच मिळत. टाकीतून डिझेल ओढणारा लहान पंप अशक्त झाला, की मोठा पंप कोरडा पडून मरे. त्यावर मालकांनी डिझेलच्या दाबाचा काटा बसवायला आणि दमदार पंप लावायला सुरुवात केली. दुसरा दोष होता ‘५३’ हा आकडा ओतलेल्या काही ब्लॉकांचा. त्यांच्या पाण्याच्या कप्प्याची भिंत पातळ असल्याने तिला तडा जाई. तो आधीच टाळण्याचा पिनेसारखा खात्रीचा उपाय नव्हता. तडा गेल्यावर टाके घालून सांधणे किंवा ब्लॉक बदलणे एवढेच हाती असे. २००३ च्या कॉमन रेल इंजिनापासून पिनेची चिंता मिटली.

कमिन्सचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १९६२ मध्ये किर्लोस्कर समूहाबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना कोथरूडला उभा राहिला. १९९३ मध्ये जमशेदपूरला टाटा कमिन्स ही भागीदारी सुरू झाली. तिच्यामार्फत बी मालिकेचे ५.९ लिटरचे इंजिन टाटाच्या मालट्रकांवर आले. या भागीदारीचा एक कारखाना पुढे सातारा जिल्ह्यात फलटणला झाला.

बारा व्हॉल्व्हची ती जुनी इंजिने आजही अमेरिकेत कामावर आहेत. जुन्या ट्रकातून काढून दुसऱ्या गाडीत बसवण्यासाठीही त्यांना मागणी असते. इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधताना पिन पक्की करणे हा आता कामाचा ठरलेला भाग झाला आहे. पट्टी एकदा नीट बसली, की त्या पिनेकडे पुन्हा पाहावे लागत नाही.