बाराखडीच्या जोडीला: पेडणे-डिचोलीच्या शाळांचा पूर्ववृत्तांत

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव या विषयांना जे स्वतंत्र तास आज दिलेले असतात, ते पाहून हे सारे अर्वाचीन शिक्षणशास्त्राने अलीकडे घातलेले अलंकार होत आणि जुन्या काळची शाळा म्हणजे अक्षर, अंक व छडी एवढेच, असा समज चांगल्या सुशिक्षितांतही रूढ आहे. परंतु गोमंतकाच्या, विशेषतः पेडणे आणि डिचोली या दोन महालांच्या, शिक्षणाचा इतिहास निवांतपणे चाळू लागले, की हा समज फार वेळ टिकत नाही.

गोमंतकाचा हा इतिहास एका प्रवाहाचा नाही. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेल्या, आणि तेथील चर्चांच्या आश्रयाने ज्या शाळा निघाल्या, त्यांत वाचन आणि ख्रिस्ती धर्मतत्त्वे यांच्या बरोबरीने संगीताचे शिक्षण रीतसर दिले जाई. चर्चचा मेस्त मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवी, व्हायोलिनवर बोटे बसवून घेई, उपासनेच्या वेळी गाणाऱ्या वृंदात त्यांचा आवाज मिसळून घेई. आजच्या भाषेत ज्याला विषयतज्ज्ञ शिक्षक म्हणावे, तो हाच. ज्या विद्येचा हेतू केवळ उपासना हा होता, तिचे फळ पुढे फार दूरवर पोचले: ब्रिटिश हिंदुस्थानातील बँडपथकांत आणि नंतर मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक जे इतक्या मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे मूळ या शिकवणीत आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चमधील गायनवृंदाच्या शिक्षकाचे चिरंजीव. त्यांच्या हाताखाली प्यारेलाल यांच्यासारखे संगीतकार व्हायोलिन शिकले, हे सर्वश्रुत आहे.

पेडणे आणि डिचोली यांचे दैव निराळे होते. हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेला. पेडणे महाल तर 1788 साली. तोवर धर्मांतराचा पहिला आवेश ओसरला होता आणि नव्या काबिजादींतील रयतेच्या धर्माला व रीतिरिवाजांना हात लावू नये, असे राज्यकर्त्यांचे धोरण ठरले होते. त्यामुळे नार्व्याचा सप्तकोटेश्वर असो की पेडण्याची भगवती, देवळे जागच्या जागी उभी राहिली, त्यांचे उत्सव चालू राहिले, गावचे दप्तर मोडी मराठीत लिहिले जात राहिले. आणि ज्याला आपल्या मुलाने कुळकर्ण्याचा कागद वाचावा, सावकाराच्या वहीतले व्याज समजून घ्यावे असे वाटे, तो त्याला गावच्या पंतोजीकडे, गोमंतकीय बोलीत शेणैमामाकडे, पाठवी.

ही शाळा देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर भरे. तिला घंटा नव्हती, तक्ते नव्हते, छापील पुस्तकेही फार उशिरा आली. धुळाक्षरांपासून आरंभ होऊन मोडी वळणापर्यंत मजल जाई. आणि दिवेलागणीला पर्वचा म्हणण्याचा जो प्रघात होता, तो मला त्या शिक्षणाचा खरा प्राण वाटतो. एक थोरला मुलगा पुढे उभा राहून पाढ्याचा एकेक चरण उच्चारी, बाकीची मुले तोच चरण त्याच लयीत परत उचलीत, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांची ती चढण मुले ठेक्यावर चढत जात. साडेतीनची पट जिभेवर बसावी म्हणून तिला चाल दिली गेली होती; गणित कोठे संपले आणि गायन कोठे सुरू झाले, हे त्या मुलांना सांगता आले नसते. पर्वचेला लागून आरती येई, आरतीला लागून अभंग. देवळात सप्ताह बसला की तीच मुले टाळ घेऊन उभी राहत आणि पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक किती थापली म्हणजे नाद किती खोल उतरतो, हे कोणी न शिकवता पाहून घेत.

तरीही त्या शाळेचे गुणगान करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ती शाळा साऱ्या गावाची नव्हती. मुलींना तिच्यात प्रवेश क्वचितच मिळे, आणि ज्यांच्या हातांत गावाच्या कला प्रत्यक्ष होत्या, त्यांची मुले तिच्या पायरीखालीच राहिली. डिचोलीचा कुंभार चाकावर मडके घडवी, तेथलाच कासार समई ओती, कलावंतांच्या घराण्यांतून गाणे एका पिढीकडून दुसरीकडे जाई. पण या विद्या जातीच्या कुंपणात कोंडलेल्या होत्या आणि अक्षरविद्या दुसऱ्या कुंपणात. शाळेच्या ओसरीवर जे गायन होते, ते भक्तीचे म्हणून मान्य झालेले होते. पोटासाठी गाणाऱ्यांच्या कलेला तेथे स्थान नव्हते.

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने शिक्षणाची व्यवस्था हाती घेतली, 1854 साली पणजीत लिसेंव, म्हणजे माध्यमिक विद्यालय, निघाले, तालुक्यांच्या गावी सरकारी शाळा आल्या आणि ‘प्रिमेर ग्राव’, ‘सिगुंद ग्राव’ (पहिली व दुसरी पायरी) हे शब्द घरोघर रुळले. पण खेड्यांतील मराठी शाळेला खरे बळ आले ते 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन होऊन हिंदूंना कायद्याने समान हक्क मिळाले तेव्हा. पणजीची मुष्टिफंड संस्था घरोघरच्या मूठभर तांदळावर उभी राहिली. 1919 साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशनची स्थापना झाली. आणि गावोगावच्या महाजनांनी व व्यापाऱ्यांनी वर्गणी करून शाळा चालवल्या. या शाळांचे मास्तर पुष्कळदा तेरेखोल नदीपलीकडून, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आलेले असत. आणि पेडण्याला तर ती सीमा नदीच्या एका तरीएवढीच रुंद होती.

पलीकडून आलेल्या या मास्तरांनी आपल्या ट्रंकेतून केवळ क्रमिक पुस्तके आणली नाहीत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे घराण्याच्या उंबरठ्याबाहेर, वर्गात आणले होते. समूहाने म्हणावयाची प्रार्थना, स्वरलिपीत बांधलेले गीत आणि हार्मोनियम या गोष्टी त्या लाटेबरोबर मुंबई इलाख्याच्या शाळांत शिरल्या होत्या. 1937 नंतर वर्ध्याच्या शिक्षणयोजनेने हस्तव्यवसायाला अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणले आणि तकली हे शाळेचे साधन झाले. यांतले गोमंतकात सरकारी मार्गाने काहीच येण्याजोगे नव्हते. सालाझारच्या राजवटीत सभेवर आणि छापील मजकुरावर सेन्सॉरची नजर इतकी करडी होती, की लग्नपत्रिकेलासुद्धा परवानगी घ्यावी लागे. अशा काळात मास्तराला मोकळा असलेला मार्ग देवाधर्माचाच होता, आणि शाळेतील सरस्वतीपूजनाचे माहात्म्य येथेच उमजते.

पेडणे-डिचोलीच्या खेड्यांत हे पूजन आजही शाळेचा सर्वांत मोठा दिवस असते. शारदेची मूर्ती किंवा तसबीर मखरात बसते, तिच्यासमोर मुलांच्या पाट्या-पुस्तकांची रास लागते, आरत्या होतात, गावातले भजनी पथक येते, आणि रात्री त्याच अंगणात मुलांचे नाटक उभे राहते. ज्या मुलाने कार्तिक-मार्गशीर्षाच्या जत्रेत दशावताराचा संकासुर भान हरपून पाहिलेला असतो, त्याला येथे स्वतःच्या तोंडाला रंग लावावयास मिळतो. पाठांतर, उच्चार, अभिनय, चित्रकाम, शिवणकाम हे सारे विषय त्या एका नाटकाच्या तालमीत येतात. शिक्षणखाते ज्याला सहशालेय उपक्रम म्हणते, तो येथे गावाच्या पंचांगातच नोंदलेला होता.

19 डिसेंबर 1961 रोजी गोमंतक मुक्त झाले आणि दोन वर्षांनी दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत दुर्गम वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी प्राथमिक शाळा पोचल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे: ज्या मुलांना शेणैमामाच्या ओसरीवर जागा नव्हती, ती बाकावर बसली, मुली बसल्या. पण चार इयत्तांना एक किंवा दोन शिक्षक, हा या प्रसाराचा अपरिहार्य हिशेब होता. मास्तरांचा गळा गोड असेल तर शाळेत गाणे, बाईंचा हात वळणदार असेल तर चित्रकला, आणि बदलीचा हुकूम आला की दोन्ही विषय पुढच्या गावी. 1970 साली स्थापन झालेल्या कला अकादमीने ही उणीव शाळेबाहेरून भरून काढण्याचा यत्न केला. मनोहरबुवा शिरगावकर यांच्या नावाने चालणाऱ्या तिच्या भजनस्पर्धेत बालकलाकारांचा स्वतंत्र गट असतो, आणि त्यासाठी खेडोपाड्यांतील मुले महिनोन्महिने बुवांपुढे बसतात. बालभवनाच्या केंद्रांतूनही संगीत, नृत्य, हस्तकला शिकवली जाते.

या साऱ्यात घुमट या वाद्याची गोष्ट मला विशेष बोलकी वाटते. डिचोलीच्या कुंभाराने घडवलेल्या या मातीच्या भांड्याला दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात आणि लहान तोंड उघडे ठेवतात. उजव्या हाताने कातड्यावर थाप पडत असता डावा तळवा ते लहान तोंड किंचित झाकतो, किंचित मोकळे करतो, आणि त्या उघडझापीतून नाद कधी घुमतो, कधी दबतो. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या प्राण्याला अभय दिल्यावर बोकडाचे कातडे वापरात आले. 2019 साली शासनाने घुमटाला गोव्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला आणि शाळकरी मुलांची घुमट-आरतीची पथके ठिकठिकाणी दिसू लागली. एका वाद्यात मृत्तिकेचे शास्त्र, नादाचे शास्त्र, वन्यजीवांचा कायदा आणि गणेशचतुर्थीची आरती एकत्र आली आहेत. याहून संपन्न पाठ कोणत्या क्रमिक पुस्तकात असेल?

आणि तरी हा पाठ देणारा माणूस शाळेच्या हजेरीपटावर नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन शिक्षक सांगितले आहेत, पण ते सहावी ते आठवीच्या वर्गांना, आणि तेही पट शंभराच्या वर असेल तेव्हा. चौथीपर्यंतच्या, पट रोडावत चाललेल्या खेड्यातल्या शाळेला या तरतुदीचा काडीमात्र उपयोग नाही, वास्तविक ज्या वयात कान आणि बोटे सर्वांत लवचीक असतात ते हेच वय. जुन्या काबिजादींतील चर्चने आपल्या मेस्ताला वेतन दिले आणि त्यातून संगीतकारांची परंपरा उभी राहिली; भजनीबुवा, घुमट घडवणारा कुंभार आणि दशावतारात सोंग घेणारा शेतकरी हे पेडणे-डिचोलीच्या दर गावात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर आजही आहेत. तीन-चार शाळांचा एक गट करून त्यांना आठवड्याचे दोन तास आणि त्या तासांचे रास्त मानधन बांधून द्यावयाचे, तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही, पदवीची अट घालण्याचेही कारण नाही. शिक्षणखात्याचा एक हुकूम आणि तालुक्याच्या अंदाजपत्रकातील एक लहानशी बाब पुरेशी आहे.